चौक कुणाचा, पाहुणे कुणाचे: मल्हारगंजच्या एका गल्लीतल्या प्रकल्प नोंदी

7 जुलै 2025

आजपासून इंदूरच्या मल्हारगंजमधल्या कामाच्या नोंदी. हे काम गल्लीतल्याच गणेशोत्सव मंडळाने दिलंय. मानधन थोडं आहे, पण बोलावणं राहणाऱ्यांकडून आलंय, आणि सार्वजनिक जागांचे आराखडे करण्याच्या माझ्या व्यवसायात असं क्वचित घडतं. एरवी आराखडा आधी ठरतो आणि ज्यांच्या दारात तो उतरणार त्यांना शेवटी दाखवला जातो.

त्यांचं गाऱ्हाणं दोन गोष्टींबद्दल आहे. एक, गल्लीच्या मधला चौक. तिथे पिंपळ आहे, पार आहे, मारुतीचं छोटं देऊळ आहे. पण सकाळी बाजार उघडला की चौक गाड्यांनी भरतो तो रात्रीपर्यंत तसाच. दुसरी गोष्ट म्हणजे पाहुणे. यंदा अहिल्याबाईंच्या जन्माचं तीनशेवं वर्ष, मे महिन्यात राजवाड्यात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकही झाली, त्यामुळे राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची समाधिस्मारकं) बघायला येणाऱ्यांचा ओघ वाढलाय. त्यातले काही गट गाईडबरोबर या गल्लीपर्यंत येतात, कारण इथे अजून चार-पाच वाडे शिल्लक आहेत, सागवानी खांबांचे, कोरीव घोड्यांचे (लाकडी आधारांचे). एका आजोबांनी आज सरळच विचारलं, “ताई, हे लोक आमच्या दारात उभे राहून फोटो काढतात, आत डोकावतात आणि जातात. आम्ही काय चिडियाघरातले आहोत का?”

मी हा प्रश्न जसाच्या तसा वहीत पहिल्या पानावर लिहून घेतला. पर्यटनाच्या प्रत्येक आराखड्याची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी असं माझं पक्कं मत आहे.

10 जुलै

घरटी एक कोरा कागद दिला. सांगितलं, तुमची गल्ली काढा. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही. कागद परत आले ते बघत आज दुपारभर बसले होते.

शाळकरी मुलांच्या नकाशात चौक सगळ्यात मोठा. त्यात क्रिकेटची खेळपट्टी, आणि बॉल कुणाच्या खिडकीत गेला तर कोण ओरडतं याची खूण. तरुण मुलांच्या नकाशात चौक म्हणजे गाड्या. कोपऱ्यावरच्या वाड्यातल्या काकूंचा कागद मी बराच वेळ हातात धरून होते. त्यांनी चौक काढलेलाच नाही. पिंपळ आहे, देऊळ आहे, बंद पडलेला हातपंप आहे, आणि प्रत्येक घरापुढचा ओटला लांबी-रुंदीसकट काढलाय. कोणत्या ओटल्यावर कोण बसायचं तेही नावानिशी. यातली बरीच माणसं आता हयात नाहीत. चौकाच्या जागी पांढरा कागद. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “तिथे मी गेलेच नाही कधीपासून. काढू काय?”

प्लेसमेकिंग, म्हणजे राहणाऱ्यांना सोबत घेऊन सार्वजनिक जागा जिवंत करणं, या कामाबद्दल कुणी विचारलं की मी यापुढे हा कागद दाखवणार आहे. नकाशातली ती कोरी जागा भरून काढायची, एवढंच काम.

16 जुलै

मोजणी. सकाळी आठ ते रात्री दहा, दर तासाला दहा मिनिटं: चौकातून किती जण गेले, किती थांबले, किती बसले. यात ‘थांबले’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. रस्ता किती वर्दळीचा आहे ते जाणाऱ्यांवरून कळतं, जागा किती जिवंत आहे ते थांबणाऱ्यांवरून. दिवसभर थांबणारे जवळजवळ नाहीतच. रात्री गाड्या हलल्या की पारावर माणसं येतात, तीही बहुतेक पुरुष.

गल्ली सगळ्यात अरुंद जागी तीन मीटरही भरत नाही. दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकाला ओटल्यावर पाय टेकून थांबावं लागतं. अशा जागी पंचवीस-तीस जणांचा गट आणला तर शाळेची रिक्षाही अडते आणि दूधवालाही.

22 जुलै

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा इंटर्न म्हणून आलाय. हुशार आहे, संगणकावर हात चांगला चालतो. आज त्याने विचारलं, या कामात करिअर करायचं तर पुढे काय शिकायचं?

शिक्षण कुठे मिळतं ते सांगितलं: भोपाळला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहे, अहमदाबादला सेप्ट आहे. समाजकार्य किंवा भूगोल शिकलेलेही या कामात येतात आणि अनेकदा आमच्यापेक्षा चांगलं ऐकतात. पण जे वर्गात कमी शिकवलं जातं ते मी त्याला जास्त सांगितलं. बैठक संध्याकाळी सात वाजता ठेवली तर स्वयंपाकघरातलं माणूस येऊ शकत नाही. चार वाजता ठेवली तर दुकानदार येऊ शकत नाही. म्हणून एकाच विषयावर दोन बैठका घ्यायच्या. इतिवृत्त लोकांच्या भाषेत लिहायचं. इथे मराठी आणि हिंदी, दोन्ही. महापालिकेचं अंदाजपत्रक वाचता आलं पाहिजे. 2014 चा पथविक्रेता कायदा माहीत पाहिजे, कारण ‘सुशोभीकरण’ हा शब्द उच्चारला की पहिला घाव ठेलेवाल्यांवर पडतो. आणि त्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावे लागतात हे खुद्द ठेलेवाल्यांनाही अनेकदा माहीत नसतं.

पैशांबद्दलही त्याने विचारलं. खरं सांगितलं: सल्लागार कंपनीत पगार बरा, गल्लीत कमी. मी दोन्ही करते. मोठ्या कामातून घर चालतं, आणि हे काम मला मनापासून करायचं असतं.

3 ऑगस्ट

रविवारची मोठी बैठक, देवळाच्या मंडपात. विषय मी ठरवला होता: काय दाखवायचं *नाही*.

आधी कुणाला कळेना. पर्यटनाच्या बैठकीत सगळे दाखवण्याच्या गोष्टी सांगायला आलेले. मग एका वहिनींनी सुरुवात केली: आमचं मागचं अंगण, तिथे आम्ही कपडे वाळत घालतो. मग ओघच सुरू झाला. देवघर. आजारी माणसाची खोली. सकाळी नऊच्या आधीची वेळ, कारण घराघरात डब्यांची घाई असते. श्राद्धपक्ष. लहान मुलांचे फोटो. एका वाड्याच्या दोन भावांत वाटणीचा वाद चालू आहे. त्या वाड्याची गोष्ट सांगायची नाही असं दोघांनी एकमताने सांगितलं.

मग आजोबा म्हणाले, “पण कोरलेले खांब दाखवा हो. माझ्या आजोबांनी माळव्यातले सुतार बसवून करवून घेतलेत. ते बघून कुणी चांगलं म्हटलं तर मला आवडेल.”

हेच ते आजोबा, जुलैत चिडलेले. त्यांना परक्या माणसांचं येणं नको नव्हतं. न विचारता येणं नको होतं. नाही म्हणण्याचा हक्क हातात आला की मग माणसं मोकळेपणाने हो म्हणतात, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. ‘नको’ची यादी आधी करून घेण्यामागचं कारण एवढंच.

14 ऑगस्ट

पैसा कुणाच्या हातात जातो याचा हिशेब. सध्या पाहुणा वॉकचे पैसे बाहेरच्या आयोजकाला देतो, जेवतो सराफ्यात किंवा छप्पन दुकानवर, झोपतो हॉटेलात. गल्लीला शून्य. वर बाटल्या गोळा कराव्या लागतात.

मंडळाला दोन उदाहरणं सांगितली. केरळातल्या कुमरकोमला 2008 च्या सुमारास जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला. तिथे हॉटेलांनी आसपासच्या शेतकऱ्यांचा आणि बायकांच्या गटांचा भाजीपाला घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे 2017 मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र मिशनच काढलं. दुसरं आपल्याच मध्य प्रदेशातलं: ओरछ्याजवळचं लाडपुरा खास, जिथे घरच्या बायका आपल्या मातीच्या घरांत होमस्टे चालवतात. शिवाय अहमदाबादचा हेरिटेज वॉक. तो 1997 मध्ये महापालिकेने सुरू केला तेव्हा पोळांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ली-वस्त्यांमध्ये, कुणी फिरायला येत नव्हतं. 2017 मध्ये ते शहर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, देशातलं पहिलं. मध्ये वीस वर्षांची मेहनत आहे, ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगितली.

होमस्टे इथे जमणार नाही, घरं आधीच भरलेली आहेत. खाण्याचं जमेल, पण पोहे-जिलेबी नको असं बायकांचंच म्हणणं पडलं, ते सगळ्या इंदूरभर मिळतं. वाड्यातल्या स्वयंपाकघरात जे होतं तेच द्यायचं: थालीपीठ, लोणी, साखरभात, दिवाळीनंतर फराळ.

7 सप्टेंबर

रात्रभर जागरण. काल अनंत चतुर्दशी. गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला इंटर्नला घेऊन गेले होते, गल्लीतल्या एका काकांबरोबर. काका हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली, आणि थकलेले पैसे कामगारांना मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. त्या बत्तीस वर्षांत अनेक जण वाट बघत गेले. पण मिलची आठवण म्हणून झांकी सोडली नाही, वर्गणी काढून केली. हुकुमचंदने 1924 मध्ये हा रिवाज सुरू केला म्हणतात, म्हणजे आता शंभरी ओलांडली.

काका रस्त्याच्या कडेला उभं राहून मला एकेका चित्ररथाची यंत्रणा समजावत होते: ती मान हलते ती सायकलच्या चेनवर, हात वर-खाली होतो तो तिरक्या चाकामुळे. पन्नास वर्षांपूर्वी कातकाम खात्यातल्या फिटर लोकांनी हे बसवलं. मशीन दुरुस्त करणारे हात रात्री गणपतीसाठी चालायचे. बोलताना त्यांचा आवाज चढत होता, बाजूची दोन अनोळखी मुलंही ऐकायला सरकली.

कोणत्याही माहितीफलकावर हे मावणार नाही. हे काकांनीच सांगायला हवं, आणि सांगण्याबद्दल त्यांना गाईडइतके पैसे मिळायला हवेत. घरी येऊन आधी एवढंच लिहून ठेवलं.

26 सप्टेंबर

नवरात्र. चौकाचा प्रयोग चालू आहे. कायमचं काहीच बांधलं नाही. खडूच्या रेघा, सुतळी, उसन्या आणलेल्या सतरंज्या, दोन कुंड्या. संध्याकाळी पाच ते नऊ गाडी लावायची नाही, एवढाच नियम.

ज्यांच्या गाड्या असतात त्यांच्याशी आठवडाभर आधी बोललो. बहुतेक बाजारातले दुकानदार. कुणाचाच वाईट हेतू नाही, मोकळी जागा दिसली म्हणून लावतात. सुभाष चौकात बहुमजली पार्किंग आहे, तिथून चालत यायला फार वेळ लागत नाही. दोघांनी लगेच मान्य केलं, एकाने “दिवाळीच्या सीझनात तरी नका छेडू भिया” असं इंटर्नला ऐकवलं. मग मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला भोंडल्याला सहकुटुंब बोलावलं. आज तो आला, बायको आणि मुलीला घेऊन.

भोंडला चौकात झाला तो बऱ्याच वर्षांनी. पाटावर हत्ती काढला, फेर धरला, खिरापत ओळखायचा गोंधळ झाला. मारवाडी आणि जैन घरांतल्या बायकाही फेरात आल्या. गाणी येत नव्हती तरी पावलं पडत होती. आज ‘बसले’ हा रकाना भरायला इंटर्नला हात पुरेना. आणि ज्या काकूंनी कागदावर चौक काढला नव्हता त्या पारावर बसून खिरापतीचे डबे सांभाळत होत्या.

गोंगाटाची तक्रार एका घरातून आली, तिथे परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी आहे. नऊला सगळं बंद केलं. ही वेळ नियमात कायम राहील.

12 ऑक्टोबर

बैठकीत गेडिसची गोष्ट सांगितली. इंदूरमध्ये हे काम करणाऱ्या प्रत्येकाने सांगायला हवी.

पॅट्रिक गेडिस मूळचा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ. 1914 मध्ये भारतात आला, आणि तुकोजीराव तिसऱ्यांच्या काळात होळकर दरबाराने त्याला इंदूरचा नगररचना अहवाल करायला बोलावलं. तो दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये इथेच, होळकर सरकारच्या छापखान्यात छापला गेला. त्याची पद्धत अशी की आधी गल्लीन्गल्ली पायी फिरायचं. वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापायचा नाही. एखाददुसरं पडकं घर काढून तिथे चौक मोकळा करायचा, झाड लावायचं, विहीर साफ करायची. कमीत कमी चिरफाड. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठाने बागा करायच्या हेही त्याने तेव्हाच सांगितलं होतं. आज कृष्णपुऱ्याच्या पुलावरून कान्हकडे बघताना ते आठवतं आणि मन खट्टू होतं.

पण मला सांगायची होती ती 1917 च्या दिवाळीची मिरवणूक. शहरात प्लेगची भीती. लोक सरकारी माणसाला दारात उभं करत नव्हते. गेडिसने दिवाळीची मिरवणूक स्वतःकडे मागून घेतली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरं साफ आणि दुरुस्त झाली असतील त्या रस्त्याने जाईल. घराघरांत झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत हत्तीवर लक्ष्मी होती, प्लेगचा राक्षसी उंदीर होता, शहराची देवता होती, आणि नव्या झाडू घेतलेले, पांढऱ्या कपड्यांतले, फुलं ल्यालेले सफाई कामगार मानाने चालत होते. तुळशीची रोपं वाटली गेली. ज्या शहराचं नाव आज 2017 पासून स्वच्छतेच्या यादीत वर असतं, तिथे बरोबर शंभर वर्षं आधी हे घडलं होतं.

मंडपात शांतता होती. मग एक वहिनी म्हणाल्या, “म्हणजे आधी घरच्यांसाठी सण, मग पाहुणे.” त्यांनी ते माझ्यापेक्षा नेमकं मांडलं.

लागोपाठ दुसरा विषय निघाला तो दुखरा. बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद झाला तेव्हा मल्हारगंजातल्या अनेक घरांचे दर्शनी भाग गेले. वाहतुकीला जागा हवी होती हे खरं. पण दर्शनी भाग जातो तेव्हा त्याबरोबर ओटला जातो, आणि मग संध्याकाळी बसायचं कुठे याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही. आमच्या आराखड्यात ओटल्यांची मोजमापं नकाशावर टाकली आहेत, काकूंच्या कागदावरून पडताळून.

26 ऑक्टोबर

गल्लीने स्वतः चालवलेली पहिली फेरी. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले, फराळाचे डबे अजून भरलेले. पाहुणे दहा, त्याहून जास्त घ्यायचे नाहीत असं ठरलेलं. राजवाड्यापासून सुरुवात: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, 1984 च्या दंगलीत लागलेली आग. तिथून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, मग आपली गल्ली. राजवाड्याचं इंटर्नने सांगितलं, वाड्याचं आजोबांनी, गिरणीचं काकांनी.

आजोबांनी खांबावर हात ठेवून सांगितलं की सागाला दर दिवाळीआधी ते स्वतः जवसाचं तेल लावतात, आणि कोरीव पानाच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथेही सुताराने शिरा काढल्यात. पाहुण्यांतल्या एका मुलीने विचारलं, “हात लावू का?” त्यांनी तिचा हात धरून त्या शिरांवर फिरवला.

अडचणीही आल्या. काका गिरणीच्या गोष्टीत रमले आणि वेळ बराच लांबला. थालीपीठं एका घरात करायची म्हटल्यावर गॅसवर ताण आला. पुढच्या वेळी दोन घरांत. पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला वाटलं होतं की राजवाडा म्हणजेच मराठी इंदूर. त्यांचे प्रश्न संपत नव्हते.

माणशी अडीचशे रुपये घेतले. निम्मे सांगणाऱ्यांना आणि स्वयंपाक करणाऱ्यांना, उरलेल्यातला मोठा भाग चौकाच्या निधीत, थोडा छपाईला. हिशेब त्याच संध्याकाळी देवळाच्या फळ्यावर खडूने लिहिला. हे मी आग्रहाने करून घेतलं, कारण गल्लीतली चांगली कामं पैशांच्या संशयाने मोडताना मी पाहिली आहेत.

9 नोव्हेंबर

आज नियम पक्के झाले. महिन्यातून दोनच फेऱ्या, रविवारी, सकाळी नऊनंतर. गट दहाचा. श्राद्धपक्षात आणि गल्लीत कुणी गेलं असेल तर बंद. बाहेरच्या गाईडला यायचं असेल तर मंडळाला आधी कळवायचं आणि चौकाच्या निधीत ठरलेली रक्कम द्यायची. दोन गाईडनी मान्य केलंय, इतरांशी बोलणं चालू आहे.

सिंहस्थाचा विषयही निघाला. 2028 ला उज्जैनला येणाऱ्यांतले असंख्य लोक इंदूरवरून जाणार. आत्तापासून कुणी कुणी येऊन वाड्यात खोल्या काढायच्या, लॉज करायचं असं सुचवतंय. एका घराला ते हवंय, पैशांची गरज खरी आहे, आणि त्यांना नाही म्हणायचा अधिकार मंडळाला नाही. एवढंच ठरलं की मूळ लाकूडकाम काढून विकायचं नाही आणि पाण्याचं, सांडपाण्याचं गणित आधी दाखवायचं. यावर अजून वाद होईल. व्हायला हवा.

इंटर्नचा काळ संपला. तो म्हणतो, पदव्युत्तरला नियोजनच घेणार. त्याने केलेला मोजणीचा तक्ता फार नेटका आहे. नव्या येणाऱ्यांना तोच नमुना म्हणून देईन.

चौकात रोज संध्याकाळी पाच ते नऊ वाहनबंदीचा फलक मिळावा म्हणून महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्यायचाय. सोबत नवरात्रातली मोजणी, दुकानदारांच्या सह्या आणि नकाशा. अर्ज घेऊन मंगळवारी काकू आणि मिलवाले काका जाणार आहेत. बोलायचं कुणी, यावर आज दोघांत थोडी चर्चा झाली, काकू बोलणार. मी नकाशाच्या दोन प्रती काढून द्यायच्या.